पर्ल मराठी नीट छापते, मग कुरकुरते कशाला?

प्रश्न : पर्ल ही स्क्रिप्ट लिहिण्याची भाषा मी हौसेनं शिकतो आहे. सराव म्हणून आमच्या वाचनालयातल्या पुस्तकांची नावं आणि किमती छापणारी छोटी स्क्रिप्ट केली. मजकूर मराठी असल्यामुळे, एकानं सांगितलं म्हणून, वर ‘यूज यूटीएफ८’ ही ओळ घातली. यादी स्क्रीनवर अगदी नीट उमटते, पण प्रत्येक नावाबरोबर ‘वाइड कॅरॅक्टर इन प्रिंट’ अशी वॉर्निंग येते. ती ओळ काढली की वॉर्निंग बंद, आणि यादी होती तशीच! मग काढूनच टाकावी का? आणि यादी फाइलमध्ये वळवली तरी वॉर्निंग मात्र स्क्रीनवरच का येतात? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते सगळं बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा घाईचा आहे. वॉर्निंग गेली म्हणजे चूक गेली, असं आपण सगळेच धरून चालतो. तुमच्याकडे उलटं झालं. वॉर्निंग येत होती तेव्हा स्क्रिप्ट बरीचशी बरोबर होती. ती थांबली तेव्हा पर्लला तुमचं मराठी मराठी म्हणून कळेनासं झालं. (इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत लिहायच्या.)

आधी एक नेहमीचा गैरसमज बाजूला करू. वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे. एरर आली की स्क्रिप्ट जागच्या जागी थांबते. वॉर्निंग आली तरी ती शेवटपर्यंत चालते आणि संपताना ऑपरेटिंग सिस्टीमला ‘काम झालं’ असाच निरोप देते. वॉर्निंगचा अर्थ एवढाच, की तुम्ही सांगितलंत ते मी केलं, पण तुम्हाला हेच हवं होतं का, ते एकदा बघा.

आता ‘वाइड’चं बघू. पुष्कळांना वाटतं, की देवनागरी अक्षर स्क्रीनवर जास्त जागा घेतं म्हणून ही तक्रार आहे. अक्षराच्या दिसण्याशी तिचा काही संबंध नाही. संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक. रोमन मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, आपल्या ‘म’चा २३५०. पर्लची ‘प्रिंट’ आज्ञा ज्या दारातून मजकूर बाहेर सोडते, ते दार मुळात बाइटचं आहे, आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. २५५ च्या पुढचं कुठलंही अक्षर पर्लच्या हिशेबानं ‘वाइड’. त्यात सगळी देवनागरी आली, तमिळ आली, चिनी आली, आणि आपलं रुपयाचं चिन्हही आलं.

दार इतकं अरुंद का ठेवलं, याचं उत्तर तारखांमध्ये आहे. लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८७ मध्ये जाहीर केली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली १९९१ मध्ये. ते क्रमांक बाइटमध्ये कसे बसवायचे, याची आज सर्वत्र चालणारी यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ च्या सप्टेंबरमध्ये बसवली. न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखाली ठेवायच्या कागदावर तिची आखणी झाली, असं पाइक यांनीच पुढे सांगितलं आहे. म्हणजे पर्ल जन्मली तेव्हा अक्षर आणि बाइट ही एकच गोष्ट मानायची रीत होती. नंतर पर्लला युनिकोड शिकवलं गेलं, पण जुन्या स्क्रिप्ट मोडायच्या नाहीत हे पथ्यही पाळलं गेलं. त्यामुळे तुम्ही काही वेगळं सांगितलं नाही, तर बाहेरचं दार आजही बाइटचंच असतं. पायथन भाषेनं २००८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत हा हिशेब एकदाच चुकता केला आणि त्यासाठी जुने प्रोग्रॅम मोडू दिले. पर्लनं तसं केलं नाही. मला स्वतःला पर्लचा पवित्रा अधिक सभ्य वाटतो, पण त्याची किंमत नवशिक्याला मोजावी लागते, हेही खरं.

तर तुमच्या स्क्रिप्टमध्ये काय घडतं? ‘यूज यूटीएफ८’ या ओळीमुळे पर्लला कळतं, की या फाइलमधला मजकूर यूटीएफ-८ पद्धतीनं लिहिलेला आहे. त्यामुळे ती ‘म’ला एक अक्षर म्हणून ओळखते, क्रमांक २३५०. छापायची वेळ आली की तिच्या लक्षात येतं, की हे अक्षर दारात मावत नाही. मग ती अंदाजानं त्याचं यूटीएफ-८ रूप काढते. ‘म’साठी ते तीन बाइटचं असतं : २२४, १६४ आणि १७४. हे तीन बाइट बाहेर सोडून ती वॉर्निंग देते. तुमचं टर्मिनल यूटीएफ-८ चीच वाट बघत असल्यामुळे ‘म’ झकास उमटतो, आणि पर्लनं उगीचच आरडाओरडा केला असं वाटतं.

आता तुमच्याच यादीत हा प्रयोग करून बघा. मराठी पुस्तकाची किंमत रुपयाच्या चिन्हासह छापा. त्या चिन्हाचा क्रमांक ८३७७, म्हणून वॉर्निंग येईल आणि चिन्ह बरोबर उमटेल. मग एखाद्या इंग्रजी पुस्तकाची ओळ अशी छापा, की तिच्यात एकही देवनागरी अक्षर नाही आणि किंमत पौंडाच्या चिन्हासह आहे. पौंडाचा क्रमांक १६३. तो दारात मावतो, म्हणून पर्ल एक शब्द न बोलता १६३ हा एकच बाइट सोडून देते. पण यूटीएफ-८ मध्ये पौंडाचं चिन्ह दोन बाइटचं असतं. सुटा १६३ टर्मिनलला अर्थहीन वाटतो आणि पौंडाच्या जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह किंवा तसलंच काही दिसतं. म्हणजे वॉर्निंगसकट आलेला रुपया बरोबर, आणि गुपचूप आलेला पौंड चूक.

गंमत इथेच संपत नाही. तोच पौंड मराठी नावाबरोबर एकाच मजकुरात जोडून छापलात, तर नीट उमटतो, कारण आता सगळा मजकूरच यूटीएफ-८ रूपात जातो. नाव आणि किंमत प्रिंटला स्वल्पविराम देऊन वेगवेगळे दिलेत, की पुन्हा बिघडतो, कारण पर्ल प्रत्येक तुकड्याचा निर्णय स्वतंत्र घेते. तापमानाचं अंशचिन्ह, अर्ध्याचं जोडचिन्ह, डोक्यावर रेघ असलेली फ्रेंच अक्षरं या सगळ्यांची हीच तऱ्हा. असा मजकूर फाइलमध्ये गेला, की एकाच फाइलमधल्या काही ओळी एका पद्धतीच्या आणि काही दुसऱ्या पद्धतीच्या होतात. पुढे ती फाइल उघडणाऱ्याला दोष नेमका कुठे आहे, हे शोधता शोधता घाम फुटतो. वॉर्निंग याच संकटाची होती. दाराशी कुठली पद्धत वापरायची ते तुम्ही ठरवलेलं नाही, म्हणून मी अंदाजानं चालले आहे, असं पर्ल सांगत होती.

मग ‘यूज यूटीएफ८’ काढल्यावर ती गप्प का बसली? कारण ती ओळ नसेल तर पर्ल तुमची फाइल सुट्या बाइटची रास म्हणून वाचते. तिच्या दृष्टीनं तिथे ‘म’ नाहीच. २२४, १६४ आणि १७४ क्रमांकाची तीन वेगवेगळी अक्षरं आहेत. तिन्ही २५५ च्या आतली, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. ती आत आली तशी बाहेर जातात, टर्मिनल त्यांचा पुन्हा ‘म’ करतं, आणि मधल्या मध्ये पर्लला पत्ताही लागत नाही.

नुसतं छापायचं असेल तर हे खपून जातं. मजकुराला हात लावायची वेळ आली, की बिंग फुटतं. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारा. ‘यूज यूटीएफ८’ असेल तर उत्तर ५ येतं : म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. नसेल तर १५. पुस्तकाचं नाव लांब आहे म्हणून पहिली दहा अक्षरं घ्यायला जाल, तर तीन अक्षरं आणि चौथ्याचा एक लचका हाती येईल. ‘प्रिंटएफ’ वापरून रकाने सरळ रेषेत आणायला जाल, तर मोजणी बाइटची होईल आणि किमतींचा रकाना वाकडातिकडा धावेल. सगळ्यात मजा शोध घेताना येते. क किंवा ख या अक्षरानं सुरू होणारी पुस्तकं हवीत म्हणून चौकटी कंसात ‘कख’ लिहून शोध लावलात, तर मराठी नावाची झाडून सगळी पुस्तकं समोर येतील. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४ हाच असतो, आणि तो क-ख मध्येही आहेच. पर्लनं मागितलं तेच दिलं!

एक बारीक सूचना इथेच करून ठेवतो. ‘यूज यूटीएफ८’ असतानाही ‘नमस्कार’ची लांबी ७ येते, आपण मोजतो तशी ४ नाही. हलन्ताचं चिन्ह आणि काना यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहेत, म्हणून पर्ल तेही मोजते. ती चूक नाही, मोजण्याचं माप वेगळं आहे.

तेव्हा ती ओळ ठेवा आणि तिच्या जोडीला दाराची व्यवस्था करा. ‘बिनमोड’ ही आज्ञा लिहून कंसात दोन गोष्टी द्यायच्या. पहिली ‘एसटीडीआउट’, ही सगळी कॅपिटल अक्षरांत. मग स्वल्पविराम, आणि अवतरणचिन्हांत ‘:एन्कोडिंग(यूटीएफ-८)’, सुरुवातीच्या कोलनसकट. शेवटी अर्धविराम. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ही एक ओळ घातली, की ‘म’, रुपया, पौंड सगळे एकाच नियमानं बाहेर पडतात आणि वॉर्निंग कारणासकट जाते.

लोकांची सर्वाधिक फसगत होते ती इथे. ‘यूज यूटीएफ८’ लिहिलं म्हणजे मराठीचा सगळा बंदोबस्त झाला, असा समज आहे. ती ओळ फक्त स्क्रिप्टच्या स्वतःच्या फाइलबद्दल बोलते. छापण्याशी तिचा संबंध नाही, आणि दुसऱ्या फाइलमधून वाचलेल्या मजकुराशीही नाही. उद्या तुम्ही पुस्तकांची नावं वेगळ्या फाइलमध्ये ठेवलीत, तर ती फाइल उघडतानाही तेच एन्कोडिंग सांगावं लागेल. आत येणारा मजकूर, स्क्रिप्टमधला मजकूर आणि बाहेर जाणारा मजकूर, या तिन्ही ठिकाणी वेगवेगळं सांगायचं.

यातलं एकच ठिकाण सांभाळलं तर काय होतं, तेही पाहून ठेवा. ‘यूज यूटीएफ८’ काढलं आणि ‘बिनमोड’ मात्र ठेवलं, तर पर्ल त्या सुट्या तीन बाइटना तीन अक्षरं समजून प्रत्येकाचं पुन्हा यूटीएफ-८ रूप काढते. एका ‘म’चे सहा बाइट होतात आणि स्क्रीनवर डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, चलनाचं एक गोल चिन्ह आणि वर्तुळातला आर अशी तीन चिन्हं उमटतात. असली नक्षी तुम्ही जुन्या ईमेलमध्ये किंवा बिघडलेल्या एक्सेल फाइलमध्ये नक्की पाहिली असेल. फॉन्ट नाही म्हणून असं होतं, असं आपण म्हणत आलो. फॉन्टचा दोष असता तर रिकामे चौकोन दिसले असते. ओळीमागून ओळी तो टोपीवाला ए दिसला, की एन्कोडिंग दोनदा झालं किंवा वाचताना चुकीचं धरलं गेलं, असं खुशाल समजावं.

कुणी तुम्हाला ‘नो वॉर्निंग्ज’ लिहून पुढे ‘यूटीएफ८’ टाकण्याचा तोडगा सांगेल. त्यानं वॉर्निंग बंद पडते, पण पौंड तुटलेलाच राहतो. हा तोडगा नको. उलट, मन लावून शिकायचं असेल तर ‘यूज वॉर्निंग्ज’ ही ओळ प्रत्येक स्क्रिप्टमध्ये घाला. ती २००० साली पर्ल ५.६ मध्ये आली. त्याआधी आज्ञेला ‘डब्ल्यू’चा खटका जोडावा लागे, आणि तो दुसऱ्यांनी लिहिलेल्या मॉड्यूलमधल्या वॉर्निंगही तुमच्या माथी मारत असे. नवी ओळ ज्या फाइलमध्ये किंवा महिरपी कंसांच्या ज्या जोडीत लिहाल, तेवढ्यापुरतीच लागू होते. २०२२ मध्ये आलेली पर्ल ५.३६ किंवा तिच्या पुढची आवृत्ती असेल आणि तुम्ही ‘यूज व्ही५.३६’ लिहिलं असेल, तर वॉर्निंग आपोआप सुरू होतात. तुम्ही यातलं काहीच लिहिलं नसताना वॉर्निंग कशी आली, असं मनात येईल. ‘वाइड कॅरॅक्टर’ ही पर्लच्या लेखी गंभीर जातीची वॉर्निंग आहे आणि ती न सांगता सुरूच असते. वॉर्निंगचा अर्थ लागत नसेल तर ‘यूज डायग्नॉस्टिक्स’ लिहा. मग तीच वॉर्निंग परिच्छेदभर खुलाशासह येते. इंग्रजी थोडं जडजंबाल आहे, पण उपयोगाचं आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, फाइलचा. प्रत्येक स्क्रिप्टला बाहेर बोलायला दोन वाटा मिळतात. ‘स्टँडर्ड आउटपुट’वर प्रिंटचा मजकूर जातो, ‘स्टँडर्ड एरर’वर वॉर्निंग आणि एरर. एरवी दोन्ही वाटा तुमच्या स्क्रीनवरच येऊन मिळतात, म्हणून त्या एकच वाटतात. आज्ञेपुढे ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह टाकून फाइलचं नाव दिलंत, की पहिली वाट फाइलकडे वळते. दुसरी जिथे होती तिथेच राहते. ही सोय मुद्दाम केलेली आहे. ती नसती तर पुस्तकांच्या यादीत मधेच वॉर्निंगची ओळ घुसली असती आणि ती यादी पुढे दुसऱ्या प्रोग्रॅमला देता आली नसती. वॉर्निंगही जपून ठेवायच्या असतील, तर त्याच चिन्हाआधी २ चा आकडा चिकटवून दुसऱ्या फाइलचं नाव द्या.

दोन्ही वाटा एकाच फाइलकडे वळवल्या, तर आणखी एक कोडं पडतं. वॉर्निंग सगळ्या वर आणि यादी खाली! स्क्रिप्टमध्ये आधी छापलेलं नंतर कसं उमटलं? प्रिंटचा मजकूर फाइलकडे जाताना वडापच्या जीपसारखा निघतो, सीटं भरल्याशिवाय गाडी हलत नाही. बाइट एका बफरमध्ये साठत राहतात आणि काही किलोबाइट जमले, किंवा स्क्रिप्ट संपली, की एकदम लिहिले जातात. वॉर्निंग मात्र आली तशी थेट निघते. स्क्रीनवर छापताना ओळ पूर्ण होताच बफर रिकामा होतो, म्हणून तिथे हा घोटाळा सहसा दिसत नाही. क्रम जुळवायचाच असेल तर डॉलरचं चिन्ह, त्याला चिकटून उभी रेघ, आणि ‘बरोबर १’ अशी ओळ वर लिहा, म्हणजे प्रत्येक प्रिंटनंतर बफर रिकामा होईल. नाहीतर क्रमाकडे लक्ष न देता वॉर्निंगमध्ये छापलेला ओळक्रमांक पाहा. तो सहसा दगा देत नाही.

स्वतःच्या सूचनाही याच दुसऱ्या वाटेनं पाठवता येतात. एखाद्या पुस्तकाची किंमत कोरी असेल, तर ती तक्रार प्रिंटनं न करता ‘वॉर्न’ या आज्ञेनं करा, म्हणजे यादी स्वच्छ राहील. सूचनेच्या शेवटी नवी ओळ सुरू करण्याचं चिन्ह दिलं नाही, तर पर्ल स्क्रिप्टचं नाव आणि ओळक्रमांक स्वतःच जोडते. ते चिन्ह दिलं, की जोडत नाही. शिकत असताना ते न देणंच सोयीचं.

विंडोजच्या काळ्या खिडकीत हे सगळं करूनही चौकोन किंवा नक्षी दिसली, तर पर्लला बोल लावू नका. आधी ‘सीएचसीपी ६५००१’ ही आज्ञा देऊन ती खिडकी यूटीएफ-८ वर आणा. तरीही जोडाक्षरं सुटी दिसली, तर यादी फाइलमध्ये वळवून नोटपॅडमध्ये उघडा. तिथे ती नीट दिसली म्हणजे तुमची स्क्रिप्ट बरोबर आहे.

प्रश्न : प्रिंट लिहून पुढे कंसात २ अधिक ३, आणि कंसाबाहेर गुणिले ४ लिहिलं. उत्तर २० यायला हवं, ५ च येतं. पर्लचं गणित कच्चं आहे का?

उत्तर : गणित पक्कं आहे, कंसाचा अर्थ तिनं वेगळा लावला. प्रिंटपाठोपाठ कंस आला, की पर्ल समजते, काय छापायचं ते सगळं याच कंसात आहे. ती ५ छापते. मग छापणं यशस्वी झालं म्हणून प्रिंटनं परत दिलेल्या १ ला ४ नं गुणते, आणि तो गुणाकार वाऱ्यावर सोडून देते. सगळ्या हिशेबाला आणखी एक बाहेरचा कंस घाला, उत्तर २० येईल. ‘यूज वॉर्निंग्ज’ लिहिलं असतंत, तर पर्लनं दोन गोष्टी आधीच सांगितल्या असत्या : या कंसामुळे मी प्रिंटला फंक्शन समजले आहे, आणि हा गुणाकार फुकट जातो आहे. पहिली वॉर्निंग प्रिंट आणि कंस यांच्यात मोकळी जागा असेल तरच येते. दोन्ही चिकटवून लिहिलेत, तर दुसरी एकटीच येईल.